सगळी कर्जं एकाच कर्जात घालावीत का? आधी वही उघडा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात परिस्थिती अशी आहे. वय छत्तीस, चाकणला कारखान्यात कायम नोकरी, हातात पगार ५४,००० रुपये. घरभाडं ११,०००. पत्नी घरी शिवणकाम करते, त्याचे महिन्याला साडेचार हजार येतात. दोन मुलं. कर्जं सहा ठिकाणची: एका क्रेडिट कार्डावर १,६२,०००, दुसऱ्यावर ७८,०००, पाच लाखांच्या वैयक्तिक कर्जातले ३,१२,००० बाकी, मोबाइलवरच्या दोन ॲपची मिळून ४६,०००, मोबाइलच्या हप्त्यांचे १५,००० आणि मेहुण्याकडून हातउसने घेतलेले ८०,०००. बेरीज ६,९३,०००. एक एजंट म्हणतोय, सात लाखांचं एकच कर्ज काढून देतो, सगळं मिटवा, हप्ता फक्त साडेपंधरा हजार. दुसरा एक जण म्हणतोय, हप्ते बंदच करा, आम्ही चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांत सेटलमेंट करून देतो. यातलं काय करू, की गावचा वडिलांचा प्लॉट तारण ठेवू, असं तुम्ही विचारलंय.

मी सव्वीस वर्षं बँकेच्या कर्ज विभागात काढली, त्यातली शेवटची नऊ वसुलीला. निवृत्तीनंतर ओळखीपाळखीतल्या लोकांच्या वह्या बघून देतो. अशी वही माझ्यासमोर आली की मी कर्जांची बेरीज नंतर करतो. आधी प्रत्येक कर्जापुढे व्याजाचा दर लिहायला लावतो. तुमच्या पत्रात सहा रकमा आहेत, पण दर एकाच कर्जाचा लिहिलाय, १५ टक्के. खरी मेख तिथेच आहे.

तुमचं मोठं कार्ड घ्या. कार्डाचा दर सहसा महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे वर्षाला ४२. शिवाय व्याजावर १८ टक्के जीएसटी. १,६२,००० वर एका महिन्याचं व्याज ५,६७० आणि त्यावरचा जीएसटी १,०२१, मिळून ६,६९१. तुम्ही भरता तो ‘मिनिमम ड्यू’ पाच टक्क्यांनी ८,१००. म्हणजे आठ हजार शंभर भरून मुद्दल फिटलं १,४०९ रुपये. लहान कार्डाचं तसंच: ३,९०० भरता, त्यातले ३,२२१ व्याज आणि करात जातात. दोन्ही कार्डांवर मिळून महिन्याला बारा हजार भरता आणि कर्ज उतरतं दोन हजारांनी. त्याच महिन्यात किराणा आणि पेट्रोलचे सहा हजार तुम्ही त्याच कार्डावर घासता, असं तुम्हीच लिहिलंय. मग उतरले दोन, चढले सहा. शिवाय मागची बाकी पूर्ण भरलेली नसली की नव्या खरेदीला ती पंचेचाळीस-पन्नास दिवसांची बिनव्याजी मुदत मिळत नाही. किराणा घेतला त्या दिवसापासून त्यावर व्याज धावतं. डाळ-तांदूळ तुम्ही जवळपास ५० टक्के व्याजाने खाताय. हे बहुतेकांना माहीत नसतं आणि कार्ड विकणारा ते सांगत नाही.

आता एजंटचं गणित. सात लाख, सहा वर्षं, १७ टक्के. हप्ता १५,५७२ बसतो, तेवढं तो खरं बोलतोय. आज तुमचे कार्ड, कर्ज, ॲप आणि मोबाइल मिळून महिन्याला ३५,८९५ जातात. ते एकदम साडेपंधरावर आले की कुणालाही हायसं वाटणारच. पण ७२ हप्त्यांची बेरीज करा: ११,२१,००० च्या वर. सात लाखांवर सव्वाचार लाखांच्या घरात व्याज.

आणि सात लाख हातात येतात का? अडीच टक्के प्रोसेसिंग फी आणि त्यावर जीएसटी मिळून २०,६५० कापले जातील. तुम्ही पाठवलेल्या कागदावर ‘कर्ज सुरक्षा विमा’ म्हणून १८,००० लिहिलेत, तेही आधीच कापणार. हा विमा घेतलाच पाहिजे असा नियम नाही, पण अर्जात खूण आधीच करून ठेवलेली असते. उरले ६,६१,३५०. त्यातून तुमचं जुनं वैयक्तिक कर्ज मुदतीआधी बंद करायचं तर तुमच्या करारात ४ टक्के दंड आणि वर जीएसटी आहे, म्हणजे आणखी १४,७२६ गेले. राहिले ६,४६,६०० आणि देणं आहे ६,९३,०००. सेहेचाळीस हजार कमी पडले, म्हणजे नेमकी त्या दोन ॲपची रक्कम. सगळं मिटवायला निघालेल्या माणसाच्या गळ्यात सहा वर्षांचं नवं कर्ज आणि ॲपवाल्यांचे फोन, दोन्ही राहणार.

सगळ्यात वाईट भाग तुमच्या १५ टक्क्यांच्या कर्जाचा आहे. त्याचे २८ हप्ते भरून झालेत, ३२ राहिलेत. हप्ता ११,८९५. ते आहे तसं चालू ठेवलं तर यापुढे एकूण व्याज जाईल सुमारे ६८,५००. कारण हप्त्यातलं व्याज सुरुवातीला जास्त असतं आणि ते तुम्ही आधीच भरून बसलाय. आता तेच ३,१२,००० नव्या १७ टक्क्यांच्या सहा वर्षांच्या कर्जात घातले तर त्या वाट्याचं व्याज होतं सुमारे १,८७,७००. वर बंद करण्याचा दंड. स्वस्त कर्ज फेडायला महाग कर्ज काढायचं आणि त्यासाठी दंडही भरायचा! मेहुण्याचे ८०,००० तर बिनव्याजी आहेत, त्यांना १७ टक्क्यांत कशाला ओढायचं? मोबाइलचे हप्ते पाच महिन्यांत आपोआप संपतायत.

म्हणून एजंटला नाही सांगा. कर्जं एकत्र करायला माझी हरकत नाही, पण फक्त महाग तेवढी एकत्र करायची आणि ती स्वस्तात न्यायची. तुमच्या बाबतीत महाग म्हणजे दोन कार्डं आणि दोन ॲप: १,६२,००० अधिक ७८,००० अधिक ४६,०००. झाले २,८६,०००. आपल्याला सोडवायचं आहे ते एवढंच.

आता हे २,८६,००० स्वस्तात कुठे मिळतील?

मी नेहमी घरातूनच सुरुवात करतो. मुदत ठेव असेल तर तिच्यावर ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त दराने कर्ज मिळतं. पण कार्डाचं कर्ज असताना ठेव सांभाळण्यात काही अर्थ नाही, ती मोडूनच टाकावी. आयुर्विम्याची जुनी पॉलिसी असेल तर तिच्या समर्पण मूल्याच्या (म्हणजे पॉलिसी मध्येच सोडली तर हातात येणाऱ्या रकमेच्या) साधारण ९० टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं आणि दर वैयक्तिक कर्जापेक्षा बराच कमी असतो. पीपीएफवर तिसऱ्या ते सहाव्या आर्थिक वर्षात कर्ज काढता येतं, व्याज पीपीएफच्या दरापेक्षा एकच टक्का जास्त, पण रक्कम थोडी असते. दोन वर्षांपूर्वीच्या शिलकेच्या पंचवीस टक्केच. तुमच्याकडे यातलं काही नाही, म्हणून पुढे जातो. भविष्य निर्वाह निधीला मात्र हात लावू नका. तो पैसा म्हातारपणाचा आहे आणि उद्या काही बिनसलंच तर कोर्टालाही त्याच्यावर जप्ती आणता येत नाही.

तुमच्या कारखान्यात कामगारांची पगारदार पतसंस्था आहे, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. ही जागा लोक का विसरतात कोण जाणे. अशा संस्थांचा दर अकरा-बारा टक्क्यांच्या आसपास असतो आणि सिबिलकडे, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीकडे, त्या बँकेइतक्या काटेकोरपणे पाहत नाहीत. कारण वसुली पगारातूनच होते: महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ प्रमाणे सभासदाने लिहून दिलं की मालकाने पगारातून कापून संस्थेला द्यावं लागतं. अडचण एकच, दोन जामीन लागतात. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हप्ते थकले तर संस्था कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवते आणि तो दाखला जामीनदारावरही चालतो. माझ्या वसुलीच्या काळात कर्जदारापेक्षा जामीनदारच जास्त रडताना पाहिलेत. एका लेथ ऑपरेटरने मित्राला सही दिली, मित्र राजीनामा देऊन गावी गेला आणि ह्याने मुलीच्या अकरावीच्या प्रवेशाला ठेवलेले पैसे संस्थेत भरले. तुम्ही जामीन मागायला जाल तेव्हा समोरच्याला तुमची सगळी कर्जं सांगून जा. लपवून सही घेऊ नका.

तरीही तुमच्यासाठी मी पतसंस्था दुसऱ्या नंबरवर ठेवतो. पहिल्या नंबरवर सोनं. पत्नीचे सहा-सात तोळे घरात आहेत, असं तुम्ही लिहिलंय. राष्ट्रीयीकृत किंवा चांगल्या सहकारी बँकेत सोनेतारण कर्ज साधारण नऊ ते अकरा टक्क्यांत मिळतं. फायनान्स कंपन्यांत बारापासून चोवीसपर्यंत काहीही असू शकतं, म्हणून ‘पाच मिनिटांत पैसे’च्या पाटीखाली जाऊ नका. सोनं तारण असल्यामुळे तुमचा ६४० चा सिबिल स्कोअर इथे फारसा आडवा येत नाही. रिझर्व्ह बँकेने सोन्याच्या मूल्याच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्जाची मर्यादा ठेवली होती. २०२५ मध्ये काढलेल्या नव्या निर्देशांत ती टप्प्याने केली: अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला ८५ टक्के, त्यापुढे पाच लाखांपर्यंत ८०, त्याहून मोठ्याला ७५. हे निर्देश बँकांनी १ एप्रिल २०२६ पर्यंत लागू करायचे होते. भाव रोज हलतो म्हणून रुपयांत सांगत नाही, पण पावणेतीन-तीन लाखांसाठी घरातलं सगळं सोनं ठेवायची वेळ येणार नाही. मंगळसूत्र आणि रोजच्या बांगड्या घरीच राहू द्या. वेढणी किंवा नाणी असतील तर ती सरळ विकून टाका. त्यात घडणावळ फार अडकलेली नसते आणि विकलेल्या सोन्यावर व्याज भरावं लागत नाही.

सोनेतारणात फसायची जागा वेगळी आहे. बरेच लोक एक वर्षाच्या मुदतीचं, शेवटी एकरकमी फेडीचं कर्ज घेतात. महिन्याला काही भरायचं नसतं म्हणून बरं वाटतं. वर्ष संपलं की मुद्दल आणि व्याज एकदम समोर येतं, मग व्याज भरून नूतनीकरण, पुन्हा वर्ष, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी लिलावाची नोटीस. तुम्ही हप्त्याचंच कर्ज मागा. शाखेतला माणूस ‘एकरकमीच सोपं पडतं’ म्हणाला तरी ऐकू नका. सोपं त्याला पडतं. कर्ज फिटल्यावर सोनं त्याच दिवशी किंवा फार तर सात कामकाजाच्या दिवसांत परत द्यायचं, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची, हेही त्या निर्देशांतच आहे.

आकडे मांडू. २,८६,०००, दर दहा टक्के, मुदत चोवीस महिने: हप्ता सुमारे १३,२००. याच रकमेसाठी आज तुम्ही २१,००० भरताय आणि कर्ज तरीही वाढतंय. माझा सल्ला असा की कागदावर चोवीस महिन्यांचा छोटा हप्ता ठेवा, पण भरताना १६,५०० भरा. तसं केलं तर एकोणीस महिन्यांत फिटतं आणि एकूण व्याज पंचवीस हजारांच्या आत राहतं. एखाद्या महिन्यात मुलगा आजारी पडला तर १३,२०० वर थांबायची मोकळीक राहते. मोठा हप्ता लिहून देऊन तो चुकवण्यापेक्षा हे बरं. मुदतीआधी भरण्यावर दंड नाही, हे मात्र आधी लेखी बघा.

मग महिना कसा दिसेल? सोनेतारण १६,५००, जुनं कर्ज ११,८९५, मोबाइल ३,०००. मिळून ३१,३९५. भाडं देऊन पगारातले ११,६०५ उरतात, शिवणकामाचे साडेचार हजार धरून १६,१००. आज तुमचं घर कितीत चालतंय? पगारातले उरलेले सात हजार, शिवणकामाचे साडेचार आणि कार्डावरचे सहा. म्हणजे साडेसतरा. दीड हजारांची ओढाताण आहे आणि ती पाचच महिन्यांची, कारण त्यानंतर मोबाइलचे तीन हजार सुटतात. एकोणीस महिन्यांनी सोनं घरी येतं. मग ते १६,५०० मेहुण्याकडे वळवा, पाच महिन्यांत त्याचं देणं संपेल. त्यानंतर जुन्या कर्जाचे आठ हप्ते उरतात. आजपासून बत्तीस महिन्यांत पाटी कोरी, आणि यापुढे भरलेलं एकूण व्याज एक लाखाच्या आत. एजंटच्या वाटेने सहा वर्षं आणि सव्वाचार लाख.

हे सगळं एका गोष्टीवर उभं आहे. कार्डं रिकामी झाली की ती बंद झाली पाहिजेत. नाही तर ती पुन्हा भरतात. आमच्या धंद्यात याला टोपी फिरवणं म्हणतात. एकाची टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर, आणि मधल्या काळात पहिला पुन्हा नवी टोपी घेऊन उभा. एक शिक्षक माझ्याकडे तीनदा आले. २०११ मध्ये मीच त्यांना कार्डं फेडायला घरकर्जावर वाढीव कर्ज मंजूर केलं होतं आणि चांगलं काम केलं असं मला वाटलं होतं. २०१३ मध्ये कार्डं पुन्हा भरलेली, पुन्हा वाढीव. २०१६ मध्ये ते आले तेव्हा घरकर्ज मूळ रकमेच्या दीडपट होतं आणि कार्डं तिसऱ्यांदा काठोकाठ. त्यांचा दोष होता, पण पहिल्या वेळी मी कार्डं बंद केल्याची पत्रं मागितली असती तर ही वेळ आली नसती. तेव्हापासून मी पत्रं मागतो.

म्हणून पैसे हातात आले की त्याच दिवशी भरा आणि त्याच दिवशी मोठं कार्ड बंद करण्याचा लेखी अर्ज द्या. बाकी शून्य असेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणं बँकेवर बंधनकारक आहे. नाही केलं तर दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यावे लागतात. दुसरं कार्ड ठेवायचं असेल तर मर्यादा पंधरा हजारांवर आणून ठेवा. कार्ड बंद केल्याने स्कोअर थोडा उतरेल, असं इंटरनेटवर कुणीतरी सांगेलच. उतरू द्या. तुम्हाला पुढची दोन वर्षं नवं कर्ज घ्यायचंच नाहीये.

ॲपचं आधी मिटवा, रक्कम लहान असली तरी. दर महाग आहेच, पण त्याहून त्यांचा त्रास मोठा. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांप्रमाणे ॲपला तुमच्या फोनमधली संपर्कयादी बघायचा अधिकार नाही आणि कर्जाची रक्कम थेट तुमच्या खात्यात आली पाहिजे, मधल्या कुणाच्या नाही. ॲपमागे नोंदणीकृत बँक किंवा फायनान्स कंपनी कोण आहे ते करारात शोधा. तिचं नावच नसेल, तर आणखी पैसे देण्याआधी रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर तक्रार करा. फोटो बदलून नातेवाइकांना पाठवण्याची धमकी आली तर १९३० वर सायबर तक्रार नोंदवा. वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. फोन आला की तारीख, वेळ, नंबर वहीत लिहा. रागाने भांडून काही होत नाही, त्या नोंदीने होतं. कंपनीने तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, चौकशीचा क्रमांक १४४४८. पतसंस्था मात्र लोकपालाच्या कक्षेत नाही, तिची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे.

आता ‘हप्ते बंद करा’ म्हणणाऱ्या दुसऱ्या गृहस्थांचं. त्यांची फी सेटलमेंटच्या रकमेवर आणि काही महिन्यांची आगाऊ, असं तुम्ही लिहिलंय. ते करणार काय? तुम्ही हप्ते थकवले की नव्वद दिवसांनी खातं अनुत्पादित, म्हणजे एनपीए, होतं. दंड वाढतो, खात्यातून हप्ता आपोआप कापायचा आदेश पैसे नाहीत म्हणून परत गेला की दर वेळी शुल्क बसतं, आणि तो परत जाणं हा पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली चेक न वटण्यासारखाच गुन्हा ठरू शकतो. मग कधीतरी बँक तडजोडीला बसते. ते तुम्हीही शाखेत जाऊन करू शकता, फुकट. तडजोड झाली की सिबिलमध्ये ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो. तो ‘क्लोज्ड’पेक्षा फार वेगळा आहे. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ च्या चौकटीप्रमाणे तडजोड केलेल्या कर्जदाराला ती संस्था किमान बारा महिने नवं कर्ज देत नाही, आणि दुसऱ्या बँकाही तो शेरा बघून दार लावतात. पगार चालू आहे, हप्ता अजून एकही चुकलेला नाही, अशा माणसाने हे करणं म्हणजे पायाला मुंग्या आल्या म्हणून पाय कापणं.

सेटलमेंट हा मार्ग वाईट नाही. नोकरी गेली, घरात मोठं आजारपण आलं, कमावता माणूस गेला, अशा घरांसाठी तो आहे, आणि मी स्वतः बऱ्याच जणांना करून दिलाय. तेव्हा फक्त पैसे भरण्याआधी बँकेच्या कागदावर रक्कम, तारीख आणि ‘यानंतर काही देणं राहणार नाही’ हे वाक्य घ्या. फोनवरच्या वसुली एजंटच्या शब्दावर एक रुपया देऊ नका, त्याच्या खासगी खात्यात तर मुळीच नाही. दिवाळखोरीबद्दलही तुम्ही विचारलंय. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींसाठीचा भाग आजवर फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांना लागू झालाय. तुमच्यासारख्याला अजूनही ब्रिटिशकालीन कायद्याच्या दारातून जावं लागतं आणि ते दार सहसा कुणी ठोठावत नाही. तो विचार सोडा. वकिलाची नोटीस आली म्हणून तुरुंग दिसतो असंही नाही. हप्त्याचा आदेश परत जाण्याचा वरचा मुद्दा सोडला तर नुसतं कर्ज थकणं हा दिवाणी मामला आहे, आणि कोर्टाने पगारावर जप्ती आणली तरी पगाराचे पहिले हजार आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश तुमचेच राहतात.

वडिलांचा प्लॉट. नको. कार्डाचं कर्ज विनातारण आहे, ते थकलं तर त्रास होईल, पण जमीन जात नाही. तेच कर्ज तुम्ही प्लॉटवर नेलंत की वडिलांच्या उताऱ्यावर बोजा चढतो. बिनशेती प्लॉट असल्यामुळे २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँकेला कोर्टात न जाता तो ताब्यात घेता येतो. शेतजमिनीला त्या कायद्यातून सूट आहे, प्लॉटला नाही. तुमच्या किराण्याचं कर्ज वडिलांच्या सातबाऱ्यावर कशाला? सोनंही तारणच आहे, हे मान्य. पण ते मोजकं आहे, दीड-दोन वर्षांत परत येतं आणि बिनसलं तर नुकसान तेवढ्यावरच थांबतं.

कुठल्याही कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी ‘केएफएस’ मागा, म्हणजे कर्जाची सगळी महत्त्वाची माहिती एका ठिकाणी देणारं पत्रक. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ मुदत कर्जाला ते द्यावंच लागतं, आणि तुम्हाला समजेल अशा भाषेत, म्हणजे मराठीतही मागता येतं. त्यात ‘एपीआर’ असतो: व्याज, फी, विमा सगळं धरून वर्षाचा खरा दर. एजंट ‘महिन्याला एक टक्का फ्लॅट’ म्हणतो (म्हणजे फिटलेल्या मुद्दलावरही शेवटपर्यंत व्याज) तेव्हा तीन वर्षांच्या कर्जात तो २१ टक्क्यांच्या वर जातो, हे त्या एका आकड्यात उघडं पडतं. पत्रक दिल्यापासून किमान तीन कामकाजाचे दिवस ती ऑफर तशीच ठेवावी लागते. त्यामुळे ‘साहेब, आज सही केली तरच हा दर’ असं कुणी म्हणालं की उठून या.

शेवटचं. ॲपच्या कर्जांबद्दल पत्नीला काही माहीत नाही आणि सांगायची हिंमत होत नाही, असं तुम्ही लिहिलंय. सोनं तिचं आहे. माहेरचं असो नाही तर लग्नातलं, ते स्त्रीधन, त्याच्यावर निर्णय तिचा. खोटं कारण सांगून ते बँकेत नेऊ नका. बँकही मालकी विचारते. बऱ्याच शाखांत ज्याचं सोनं त्याच्याच नावावर कर्ज करायला सांगतात, म्हणजे सही तिची लागेल आणि नोंद तिच्या सिबिलमध्ये पडेल. या रविवारी मुलं खाली खेळायला गेली की वही घेऊन बसा. आधी तिला कार्डाचा तो हिशोब दाखवा, आठ हजार शंभर भरले आणि एक हजार चारशे नऊ फिटले. मग ॲपचं सांगा. ती चिडेल. नंतर ती बहुधा एक प्रश्न विचारेल, की आणखी कुठे काही आहे का. त्याचं उत्तर त्या दिवशी पूर्ण खरं द्या, कारण माझं वरचं सगळं गणित तुम्ही कळवलेल्या सहाच कर्जांवर केलेलं आहे. सातवं कुठे निघालं तर मला पुन्हा लिहा, आकडे नव्याने मांडू.